नावं ठेवणारी माणसं

ब्रुनो, सिंबा आणि ऑस्कर पहिल्याच फेरीत बाद झाले. आमच्या सोसायटीत खाली उभं राहून ‘ब्रुनो’ अशी हाक मारली तर एक लॅब्रडॉर, एक पग आणि बी विंगमधला एक केसाळ प्रकार असे तिघं धावत येतात, आणि त्यातला आपला कुठला हे मालकांनाही पट्ट्याच्या रंगावरून ठरवावं लागतं. ‘मोती’ म्हणावं तर ही काळी कुळकुळीत, पांढरा फक्त पुढचा एक पंजा. ‘काळी’ म्हणावं तर मुलगी अंगावर आली. रंगावरून नाव ठेवायचं नाही, हे तिनं कॉलेजातल्या कुठल्याशा परिसंवादात नुकतंच ऐकलं होतं.

माझी काळजी वेगळीच होती. मी दिवाळी अंकांतून लिहिणारा माणूस आहे. वाचकांची पत्रंही येतात. अलीकडच्या पत्रात एका वाचकानं संपादकांचा फोन नंबर मागितला होता. अशा माणसाच्या घरी पाहुणे येणार, पिल्लू त्यांच्या पायात घोटाळणार, ते विचारणार, ‘‘काय हो नाव हिचं?’’ आणि मी काय ‘टफी’ म्हणून सांगायचं? माझ्या डोळ्यांपुढचा प्रसंग निराळा होता. मी नाव सांगतो. पाहुणे गप्प होतात. मग अदबीनं विचारतात, ‘‘म्हणजे?’’ मी चष्मा काढतो, सावकाश पुसतो, आणि सुरुवात करतो. नावाबद्दल माझी तेवढी एकच अट होती. ऐकणाऱ्यानं ‘म्हणजे?’ विचारलं पाहिजे.

गार्गी, मैत्रेयी ही नावं या परीक्षेत उतरली असती, पण गार्गी चौथ्या मजल्यावर राहते, नववीत आहे आणि कराटे शिकते. तसं आता माणसांच्या नावांचं सोवळं कुणी पाळत नाही म्हणा. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत कान देऊन ऐकावं. घसरगुंडीवर रेयांश, कियान आणि मायरा; झुडपापाशी पाय वर करून पांडू, तात्या आणि बंडू. आमच्या आजोबांच्या पिढीची नावं जिवंत ठेवण्याचं काम सध्या शहरातल्या कुत्र्यांकडे आहे, आणि ती ते नेटानं करताहेत. वॉचमननं ‘वाघ्या’ सुचवलं. पिल्लू मादी आहे ही अडचण होतीच. शिवाय रायगडावर १९३६ साली बसवलेला वाघ्या २०१२ साली उखडला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि अजून त्याच्यावरून अधूनमधून पत्रकं निघतात. एवढा इतिहास आमच्या गॅलरीत मावणारा नव्हता.

मुलीची यादी मोची, कोको, लाटे अशी खाण्यापिण्याची होती. बायको बँकेत असल्यामुळे तिनं यादी दिलीच नाही, नियम दिले. नाव दोन अक्षरी हवं, जोडाक्षर नको, आणि ‘नको’ किंवा ‘बस’ यांच्याशी यमक जुळता कामा नये, नाहीतर कुत्र्याचा गोंधळ उडतो. शेवटची कसोटी गॅलरीची. ‘‘रात्री साडेअकराला गॅलरीत उभं राहून मोठ्यानं ओरड. लाज वाटली नाही तर नाव चांगलं.’’ माझं तेव्हाचं लाडकं नाव ‘मंदाक्रांता’ होतं. मेघदूताचं वृत्त ते, आणि पिल्लाची चालही तशीच डुलत डुलत. मी गॅलरीत जाऊन घसा साफ करून हाक दिली. खालून बॅटरीचा झोत आला आणि वॉचमननं विचारलं, ‘‘साहेब, वहिनी गेल्या का कुठं?’’

मग नाशिकहून बहिणीचा फोन आला. नाव ठेवण्याचा हक्क आत्याचा, तेव्हा कानात ‘कुर्र्र’ करायला कधी येऊ आणि साडी कुठून घेणार, असे तिचे दोन प्रश्न होते. पंचांग ती जवळ घेऊनच बसली होती. नक्षत्राला चार चरण, चरणाला एक अक्षर, त्या अक्षरावरून नाव. आता हिचा जन्म जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतला, ऐन पावसातला; वार कुठला ते वॉचमनलाही सांगता येईना. पण माझ्या बहिणीला शास्त्रात कधी काही अडत नाही. तिनं उलटा हिशेब मांडला. पत्रिका जुळवताना प्रत्येक नक्षत्राची योनी बघतात, त्यात आर्द्रा आणि मूळ ही दोन श्वानयोनीची. म्हणजे कुत्रीचं नक्षत्र या दोनांपैकीच एक असणार. आर्द्राची अक्षरं कु, घ, ङ, छ. ‘‘‘ङ’वरून ठेव,’’ बायको म्हणाली, ‘‘सगळे ‘म्हणजे?’ विचारतील.’’ मूळ नक्षत्राची ये, यो, भा, भी. इथे मी सावरून बसलो, कारण पुढचं अक्षर उघड दिसत होतं. पण ‘भू’ येतं पूर्वाषाढात, आणि पूर्वाषाढाची योनी वानर. कुत्र्याच्या तोंडचं एकुलतं एक अक्षर शास्त्रानं काढून माकडाला देऊन टाकलं आहे. बहिणीनं पंचांग मिटल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

त्याच रात्री मला सरमा सापडली. खरं म्हणजे आठवली, पण सापडली म्हटलं की संशोधन केल्यासारखं वाटतं. इथे मी थोडा वेळ घेणार आहे. घरी मला तो मिळाला नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एकशे आठवं सूक्त आहे, अकरा ऋचांचं. पणी नावाच्या लोकांनी गाई पळवून लांब डोंगरात कोंडल्या आहेत. त्या शोधायला इंद्र कुणाला पाठवतो? सरमेला. ती एकटी रसा नावाची नदी ओलांडून थेट पणींच्या दारात उभी राहते. पणी चक्रावतात. एवढ्या लांब आलीस कशी, नदी पार केलीस कशी? ती सरळ सांगते, इंद्राची दूती आहे, गाई हव्या आहेत. मग पणी गोड बोलू लागतात. परत जाऊ नकोस, आमची बहीण हो, तुला गाईंचा वाटा देतो. सरमा म्हणते, भाऊपण-बहीणपण मला कळत नाही, तुम्ही इथून निघा. गंमत म्हणजे त्या अख्ख्या सूक्तात तिला कुत्री असं कुठेही म्हटलेलं नाही. तिचं कुत्रेपण कळतं ते मुलांवरून, यमाच्या दारातल्या चार डोळ्यांच्या दोन श्वानांवरून. ते सारमेय, म्हणजे सरमेचे.

(एव्हाना मुलगी ताट घेऊन टीव्हीसमोर गेली होती.)

हीच सरमा महाभारताच्या सुरुवातीला पुन्हा भेटते. जनमेजयाचं सत्र चालू आहे. तिचं पिल्लू तिथे जातं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे येतं. आई विचारते, तू काही केलंस का? ते म्हणतं, हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरमा तडक राजाच्या यज्ञात जाऊन जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही, तेव्हा शाप देते, आणि तो उतरवायला जनमेजय पुरोहित शोधत हिंडतो. सोसायटीच्या सभेत कुत्र्यांवरून होणारी भांडणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, पण कुत्र्याची बाजू इतकी मुद्देसूद मांडलेली दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

आता मला खरं म्हणायचंय ते पुढे आहे. महाभारत कुत्रीपासून सुरू होतं आणि कुत्र्यापाशीच येऊन थांबतं. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे एक कुत्रा चालतो. द्रौपदी पडते, भाऊ एकेक करून पडतात, कुत्रा शेवटपर्यंत चालतो, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. त्या कुत्र्याचं नाव काय? नाही. ज्या ग्रंथात धनुष्य गांडीव आहे, शंख पांचजन्य, देवदत्त आणि पौंड्र आहेत, कृष्णाच्या रथाच्या चारही घोड्यांना शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक अशी नावं आहेत, नुसता मरण्यापुरता आलेला हत्तीसुद्धा अश्वत्थामा आहे, तिथे स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. तो शेवटी साक्षात धर्म निघतो, हे मला माहीत आहे. पण वाटेवर तो कुत्राच होता, आणि एवढ्या वाटेत पाचापैकी एकानंही त्याला हाक मारली नसेल?

‘‘भात वाढू का?’’ बायको म्हणाली.

बाबा तेवढे ऐकत होते असं मला वाटलं. ते म्हणाले, ‘‘लायका ठेवा.’’ १९५७च्या नोव्हेंबरात रशियानं लायकाला आकाशात सोडलं, तेव्हा बाबा शाळेत होते. चाळीतली सगळी पोरं गच्चीवर झोपून वर बघत होती आणि प्रत्येकाला ती दिसली होती. मुलीनं टीव्हीसमोरूनच फोन उघडला. परत आणायची सोयच केलेली नव्हती, ती म्हणाली, आणि यान तापून लायका काही तासांतच गेली, हे जगाला कळलं थेट २००२ साली. ‘‘आणि तिचं नाव लायका नव्हतंच, आबा. आधीचं नाव कुद्र्यावका.’’

आई गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘पाठवायच्या आधी बदलतातच.’’

आई माहेरची कुसुम. १९७१च्या मे महिन्यात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘सुनंदा’ असं लिहिलं. नाव बाबांच्या आत्यानं सुचवलेलं. आई ताटाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती, तिला अक्षरं उलटी दिसत होती. माणसं हसायला लागली तेव्हा काहीतरी ठरलं एवढं तिला कळलं. ‘‘तांदूळ आंबेमोहोर होते,’’ ती म्हणाली. ‘‘छान वास येत होता. दुसऱ्या दिवशी भात केला असणार त्याचा.’’ काही वर्षांपूर्वी जागेच्या कागदांसाठी मी तिला एका कार्यालयात नेलं होतं. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, आधारवर सुनंदा. या दोन बायका एकच कशावरून, असं खिडकीतल्या माणसानं विचारलं. मग नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र झालं, की कुसुम आणि सुनंदा या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. आईनं ते शेवटपर्यंत वाचलं, पेन हातात घेतलं आणि नोटरीला विचारलं, ‘‘सही कुठल्या नावानं करू?’’ तो हसला. ती विनोद करत नव्हती. तिचं नाव ठरायला एक मुहूर्त पुरला होता, आणि इथे जिन्याखालच्या पिल्लासाठी आम्ही ऋग्वेद काढून बसलो होतो.

निवडलेली गवार एका बाजूला सारून तिनं विचारलं, ‘‘तुझी ती नदीपलीकडे गेलेली. ती परत आली का रे?’’

‘‘आली ना. गाईंचा पत्ता घेऊन आली.’’

‘‘मग तेच ठेवा.’’

असं सरमाचं बारसं झालं. बहिणीला साडी द्यावी लागली. ‘म्हणजे?’ मात्र कुणी विचारलं नाही, कारण सरमा असं कुणाला ऐकूच येत नाही. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं लसीच्या कार्डावर ‘शर्मा’ लिहिलं, जात देशी. सोसायटीत शर्मा आडनावाची तीन घरं आहेत. ‘‘सरमा, चप्पल सोड,’’ ‘‘सरमा, गादीवर नाही,’’ ‘‘सरमा, शी खाली जाऊन’’ ही वाक्यं दिवसभर आमच्या गॅलरीतून खाली जातात, आणि त्यातल्या सहाव्या मजल्यावरच्या शर्मांनी मध्यंतरी मला दिवाळीला मिठाई पाठवायचं बंद केलं. परवा लिफ्टमध्ये ते आणि मी दोघंच होतो. त्यांनी सरमाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जरा ताठरपणे विचारलं, ‘‘इसका मतलब क्या होता है?’’ मी चष्मा काढला, पुसला, ‘‘ऋग्वेद के दसवें मंडल में’’ इथपर्यंत आलो आणि लिफ्टचं दार उघडलं.

खुद्द सरमेला या नावाचं सोयरसुतक नाही. ऋग्वेदातलं नाव घेतलं की ती कान खाजवते. ती धावत येते ती ‘अहो’ला. आईनं बाबांना आजवर नावानं हाक मारलेली नाही. ‘‘अहो, चहा झाला,’’ ‘‘अहो, पेपर आला,’’ ‘‘अहो, गोळी घेतलीत का?’’ असंच घर चालत आलंय. आणि ‘अहो’ म्हटल्यावर हमखास काहीतरी खायचं पुढे येतं, हा शोध पिल्लानं पहिल्याच आठवड्यात लावला. आता आईची हाक गेली की सरमा नखं वाजवत स्वयंपाकघरात हजर होते, आणि बाबा पोचेपर्यंत त्यांच्या बिस्किटाचा निकाल लागलेला असतो. परवा ते रिकामी बशी बघून वैतागले. ‘‘हे बस झालं आता,’’ म्हणाले. ‘‘अहो-बिहो पुरे. तू मला सरळ नावानं हाक मारत जा.’’

आई म्हणाली, ‘‘थांबा, तांदूळ घेऊन येते.’’