अर्ध्या ग्रॅमचा ताळा

अंडं उचललं आणि ते बोटांत दबलं. कवच नव्हतंच, नुसता पडदा, पाणी भरलेल्या फुग्यासारखा. ते दोन्ही तळव्यांवर सांभाळत मी स्वयंपाकघरात नेलं. बायको म्हणाली, "काम अर्धवट सोडलंय. तुमच्या हाताखालची ना!"

निवृत्तीनंतर बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला घर घेतलं आणि पाच गावठी कोंबड्या आणल्या. बारवी भरून पातळी 72.60 मीटरला टेकली, की तिथले 11 दरवाजे आपोआप उघडतात. कुणाला हात लावावा लागत नाही. कोंबडीचंही तसंच असणार, अशी माझी समजूत. पुढून कणी टाकायची, मागून अंडं उचलायचं. मुंगसाच्या धास्तीने पाचही जणी दिवसभर पत्र्याच्या खुराड्यात बंद.

उभी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. पैशाचा फरक दिसला की माझी झोप उडायची. त्याच सवयीने पुस्तकं आणली. मँगनीज नसेल तर कवचाची जाळी नीट विणली जात नाही. जस्त कमी पडलं तर कवचाला लागणारं कार्बोनेट पुरेसं तयार होत नाही. तांबं कमी पडलं तर आतला पडदा कच्चा राहतो. यातलं एकही अक्षर खोटं नाही. त्याआधीची काही पानं कॅल्शियमवर होती. ती मी उलटली. कॅल्शियम काय, शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं!

पशुखाद्याच्या दुकानात सूक्ष्म खनिजांचं मिश्रण मागितलं.

"पक्षी किती?"

"पाच."

"पाच हजार?"

"नाही. पाच."

दुकानदाराने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि त्याच्याकडचा सर्वांत लहान पुडा पुढे केला. एक किलोचा. प्रमाण छापलं होतं: टनभर खाद्याला एक किलो. कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. पाच जणींचे झाले 550, म्हणजे रोजचं खनिज 0.55 ग्रॅम. पुडा पुरणार 1,818 दिवस, जवळजवळ पाच वर्षं. पुड्याची मुदत एक वर्ष.

पण 0.55 ग्रॅम मोजायचं कशावर? घरातला काटा पाच ग्रॅमच्या खालचं बोलत नाही. शेवटी सोनाराकडे गेलो. त्या सज्जन माणसाने राखाडी भुकटीच्या सात दिवसांच्या सात पुड्या करून दिल्या, सवयीने गुलाबी कागदात. घरी येऊन मी त्या कपाटात ठेवल्या.

संध्याकाळी बायकोच्या हाती त्या लागल्या. एकीची घडी तिने हलक्या हाताने उलगडली. चेहऱ्यावर पस्तीस वर्षांत न पाहिलेली प्रसन्नता होती. मग ती विझत गेली.

"हे काय?"

"मँगनीज. जस्त. थोडं तांबं."

"कुणासाठी?"

"कोंबड्यांसाठी."

त्या रात्री जेवण झालं, संभाषण झालं नाही.

बरं, एवढं करून भुकटी कोंबड्यांच्या पोटात जाईना. त्या कणी टिपत, भुकटी भांड्याच्या तळाशी बसे. आठवड्याने अंडी तशीच मऊ, आणि एक कोंबडी लंगडायला लागली.

शेजारच्या आगरी मावशी कुंपणापाशी आल्या. खुराडं बघितलं, कणी बघितली.

"भाऊ, रविवारी तिसऱ्या खाता ना?"

"खातो."

"मग शिंपल्या कुठं टाकता?"

"कचऱ्यात."

मावशी पुढे काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

घरात जाऊन ती उलटलेली पानं काढली. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते जमायला अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रोजच्या खाण्यात चारेक ग्रॅम लागतं, आणि तांदळाच्या कणीत ते जवळजवळ नसतंच. मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणजे मी दशांश चिन्हापुढचे आकडे जुळवत होतो आणि या बिचाऱ्या पदरमोड करून माझी अंडी घालत होत्या. वर उन्हाशिवाय ड जीवनसत्त्व नाही, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. ऊन मीच पत्र्याआड ठेवलं होतं. पिंजऱ्यातल्या हजारो कोंबड्यांना खाद्याबाहेरचं काहीच मिळत नाही, म्हणून त्यांना ती भुकटी हवीच. माझ्या पाच जणींनी मात्र माती उकरून, किडे-पाला टिपून त्यातलं बरंच मिळवलं असतं. मी दार उघडलं असतं तर.

आता दुपारी दार उघडतो आणि मुंगसावर पहारा ठेवत बसतो. रविवारच्या शिंपल्या उकळून, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटतो. बारीक पूड करायची नाही; कवच मुख्यतः रात्री घडतं, आणि जाड तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. लंगडणारी सावरली. अंडं आता कढईच्या काठावर आपटलं की आवाज येतो.

शिंपल्या मी वजन न करताच टाकतो. पहिल्या रविवारी सोनाराकडे जाऊन आलो होतो, पण ते बायकोला माहीत नाही.