भिडस्त भाषा

पडद्यावर लाल अक्षरं उमटली की नवशिक्याचा चेहरा पडतो. वास्तविक तेव्हा त्यानं पेढे वाटायला हवेत. आपली चूक कुणीतरी दाखवतंय, वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत झाली तेही सांगतंय. एवढी सोय संसारात तरी कुठे असते? आमच्या सोसायटीत वेबसाइट करायला शिकणारी काही मुलं आहेत. अडली की लॅपटॉप काखोटीला मारून माझ्याकडे येतात. त्यांचं ऐकून ऐकून माझं एक मत झालं आहे. जावास्क्रिप्ट कटकट करते म्हणून कुणी रडकुंडीला येत नाही. ती कटकट करत नाही, म्हणून येतात.

ही भाषा स्वभावानं भिडस्त आहे. पुष्कळ घरांत असे एक मामा असतात. सांगितलेलं नीट ऐकू आलं नाही तरी ‘पुन्हा सांग’ म्हणायला त्यांना संकोच वाटतो. ‘हो हो’ म्हणतात आणि स्वतःच्या समजुतीनं काहीतरी करून मोकळे होतात. मांडवात खुर्च्यांऐवजी सतरंज्या उतरल्या की मग इतरांना कळतं.

आता वर्गणीचंच घ्या. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं गणेशोत्सवासाठी एक पान केलं. दोन चौकटी, दोन घरांची वर्गणी, खाली बेरीज. एकीत ५००, दुसरीत २५०. बेरीज आली ५००२५०. पाच लाख दोनशे पन्नास! खजिनदार क्षणभर हरखले. झालं इतकंच की चौकटीत टाइप केलेलं काहीही जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून पडतं, आणि अधिकचं चिन्ह मजकुराला मजकूर चिकटवतं. गंमत म्हणजे तिनं वजाबाकी करून पाहिली, ती बरोबर आली. मजकुरातून मजकूर वजा करता येत नाही, तेव्हा बाईसाहेबांनी मुकाट्यानं दोन्हींचे आकडे करून घेतले. बेरीज चूक, वजाबाकी बरोबर, आणि तक्रार कुठेच नाही. आधी ‘नंबर’ला सांगून मजकुराचा आकडा करून घ्यायचा, हे एकदा कळलं की हा आजार जातो.

किंवा जातो असं वाटतं. कारण मग शेजारच्या आजोबांनी मराठी कीबोर्डवरून वर्गणी भरली, ‘५००’ अशी, देवनागरीत. उत्तर आलं ‘नॅन’, म्हणजे ‘नॉट अ नंबर’, हा आकडाच नाही. बरं, या ‘आकडा नाही’चा प्रकार कोणता असं जावास्क्रिप्टला विचारावं, तर सांगते ‘नंबर’! आणि हाच नॅन स्वतःशी ताडून पाहिला तर म्हणते, दोन्ही सारखे नाहीत. उलट तिला मराठी पद्धतीनं रक्कम दाखव म्हटलं की १२,३४,५६७ असं लाखाचा स्वल्पविराम जागच्या जागी देऊन देवनागरीत छान लिहून देते. लिहिता येतं, वाचता येत नाही. अशी माणसंही मी पाहिली आहेत, पण तो विषय वेगळा.

तारखांच्या बाबतीत तर भिडेची कमालच होते. महिने शून्यापासून मोजायचे, म्हणजे जानेवारी ० आणि डिसेंबर ११. तारखा मात्र आपल्यासारख्या १ पासून. ही रीत तिनं त्या काळच्या जावाकडून जशीच्या तशी उचलली. २०२५ सालातली ३० फेब्रुवारी मागितली तर ‘वेड लागलंय का’ असं ती म्हणत नाही. २ मार्च काढून देते. एका मुलानं १ मेच्या मध्यरात्रीची तारीख बनवून ती आयएसओ पद्धतीनं साठवली, आणि त्याच्या पानावर महाराष्ट्र दिन ३० एप्रिलला साजरा झाला. आयएसओचा मजकूर जागतिक वेळेत निघतो. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपली मध्यरात्र म्हणजे तिथली आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा. मुलगा दोन रात्री महिन्याचा शून्य-एक तपासत बसला होता.

हा स्वभाव कुठून आला, तर जन्मापासूनचाच. मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. आधी नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरपर्यंत जावास्क्रिप्ट. जावाची तेव्हा चलती होती. पानं तयार करणारे बरेचसे हौशी असणार, त्यांच्या बारीकसारीक चुकांनी काम अडू नये, असा एकूण रोख. घाईत राहून गेलेल्या खोडीही तशाच राहिल्या. ‘नल’ म्हणजे काहीच नाही; त्याचा प्रकार विचारला तर आजही ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर मिळतं. ही चूक दुरुस्त करायचं पुढे निघालंही होतं, पण त्या चुकीवर विसंबलेली जुनी पानं मोडतील म्हणून बेत सोडून दिला. एवढी भीड!

बाकीच्या तक्रारी ओळखीच्या. ५, ४०, १०० हे गुण चढत्या क्रमानं लाव म्हटलं की १००, ४०, ५ असे येतात, कारण नुसतं ‘सॉर्ट’ म्हटलं तर ती आकडेसुद्धा अक्षरांच्या क्रमानं लावते. पानावरचा मजकूर बदलणाऱ्या ‘इनरएचटीएमएल’मधली शेवटची चार अक्षरं कॅपिटल लिहायची राहिली तर ती त्याच नावाची नवी गोष्ट गुपचूप तयार करते, पडद्यावर काही बदलत नाही. सर्व्हरनं ‘पान सापडलं नाही’ म्हणत ४०४ दिला तरी सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या ‘फेच’च्या लेखी काम फत्ते, ‘ओके’ आहे का ते आपणच तपासायचं.

म्हणून मुलं आली की मी कोड वाचतच नाही. आधी विचारतो, सेव्ह केलंस? मग त्याच फाइलच्या पहिल्याच ओळीत एक निरर्थक शब्द टाकायला लावतो आणि पान रिफ्रेश करायला सांगतो. कन्सोल लाल झालं तर ठीक. काहीच बिघडलं नाही, तर चिरंजीव तासभर भलतीच फाइल दुरुस्त करताहेत, किंवा ब्राउझर जुनीच प्रत दाखवतोय. ‘इंडेक्स’, ‘इंडेक्स न्यू’, ‘इंडेक्स फायनल’ आणि ‘इंडेक्स फायनल खरंच’ अशा चार फाइली एका फोल्डरात नांदत असल्या की निदान सोपं असतं.

वर्गणीवाल्या मुलीला मात्र या भिडेचा कंटाळा आला. तिनं टाइपस्क्रिप्ट घेतली. मायक्रोसॉफ्टनं २०१२मध्ये आणलेली ही जावास्क्रिप्टची फटकळ बहीण. आकडा हवा असं सांगितलेल्या जागी मजकूर दिसला की पान चालवायच्या आधीच बोलते. चार दिवसांनी मुलगी जिन्यात भेटली. “काका, हिला काहीच चालत नाही हो. प्रत्येक ओळीखाली लाल रेघ!”

“मग काय केलंस?”

“सगळीकडे ‘एनी’ लिहून टाकलं. आता गप्प आहे.”

‘एनी’ म्हणजे काहीही चालेल. मी विचारलं, वर्गणी किती जमली? म्हणाली, पाच लाखांच्या वर.