उरलेला हात

बँडचा फ्रंटमन आता एकट्याने गाणार, हे सांगायला पत्रकार परिषदेची गरज नव्हती. पोस्टर पुरेसं बोलकं आहे. काळा शर्ट, मेहनतीने वाढवलेली निष्काळजी दाढी, नजर दूर क्षितिजावर (क्षितिज म्हणजे समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी), दोन्ही हात खिशात. आणि डाव्या खांद्यावर एक हात.

दोन खिशात, एक खांद्यावर. एकूण तीन.

तिसरा हात मनगटाच्या जरा वर संपतो, कारण तिथे पोस्टरच संपतं. फोटो मुळात चौघांचा, पहिल्या अल्बमच्या वेळी गच्चीवर काढलेला. नव्या प्रवासाच्या नव्या पोस्टरसाठी नवा फोटो काढायला सवड झाली नाही, म्हणून जुन्यातले तिघे कातरले. ड्रमर निघाला, लीड गिटारवाला निघाला, तिसराही जवळजवळ निघाला. त्याचा हात तेवढा राहिला. दोष त्याचाच आहे. फ्रंटमनच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभं राहू नये, एवढी अक्कल चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला हवी. (वायडी धरून पाच.)

हात कुणाचा, हा तपास अवघड नाही. कर्वे रस्त्यावरच्या होर्डिंगवर तो दुचाकीएवढा आहे, सिग्नल लाल असेपर्यंत सगळे बारकावे वाचून होतात. मनगटात काळा दोरा. हाताच्या पाठीवर जुना व्रण. आणि तर्जनी व मधलं बोट यांना मेडिकलच्या दुकानात मिळते ती पांढरी चिकटपट्टी. उजव्या हाताच्या, हे महत्त्वाचं. लीड गिटारवाला उजव्या हातात प्लेक्ट्रम धरतो, त्याच्या बोटांना काही होत नाही. ड्रमरला फोड येतात ते काठी धरतो तिथे, अंगठ्याच्या बेचक्यात. नेमक्या याच दोन बोटांनी जाड तारा तासन्‌तास खेचून ती सोलवटून घेणारा प्राणी बँडमध्ये एकच असतो. बेसवाला. म्हणजे तो माणूस, ज्याला त्याच्या आईनेही विचारलेलं असतं, ‘तू नक्की काय वाजवतोस रे?’

फ्रंटमनच्या टीमने (बँड होता तेव्हा टीम नव्हती, चौघांत मिळून एक ओम्नी होती) आधी मौन पाळलं. मग हात पुसायचं काम एआयला दिलं. एआयने हात पुसला, सोबत खांदाही पुसला. दुसऱ्या खेपेला खांदा परत आला आणि त्याच्यावर हातही परत आला, सहा बोटांचा. त्यापेक्षा मूळचा पाच बोटांचा काय वाईट, असं ठरेपर्यंत एका समीक्षकाने लिहून टाकलं होतं की हा हात म्हणजे एकाकी कलावंताच्या खांद्यावरचा सामूहिक स्मृतीचा भार आहे. दुसऱ्या दिवशी टीमचं निवेदन आलं: हात पहिल्यापासून संकल्पनेचाच भाग होता. तिसऱ्या दिवशी टी-शर्ट आला. डाव्या खांद्यावर छापील हात, दोन बोटांना छापील चिकटपट्टी, ८९९ रुपये. एक्स्ट्रा लार्ज मापात बोटं जरा सुजल्यासारखी दिसतात.

मुलाखतींना तर ऊत आलाय. बँड तुटलेला नाही, विश्रांती घेतोय. आम्ही आजही भाऊ-भाऊच आहोत. मला माझा आवाज शोधायचा होता. आता हा माणूस इतकी वर्षं प्रत्येक साउंडचेकला मॉनिटरकडे बोट दाखवून ‘माझा आवाज वाढव, अजून वाढव’ असं साउंडवाल्यावर ओरडायचा. तो आवाज कुणाचा होता, हे एकाही मुलाखतकाराने विचारलं नाही. शोधासाठी तो हिमाचलात दीड महिना राहून आला. आवाज तिथे सापडला. एक शालही सापडली. हाताबद्दल मात्र कॉलेजच्या नियतकालिकातल्या एका मुलीने थेट विचारलं. फ्रंटमन मंद हसला आणि म्हणाला, ‘तो हात म्हणजे आपण सगळेच.’

मी नाही. माझ्या बोटांना चिकटपट्टी नाही.

बरं, कायद्याने पाहू. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. पैसे चौघांनी कॉन्ट्री काढून दिले होते. (फ्रंटमनची कॉन्ट्री अजून यायची आहे असं ड्रमर म्हणतो, पण ड्रमरचं कोण ऐकतं.) म्हणजे बेसवाल्याच्या वाट्याला पाव फोटो आला. त्या पावातला बाकी सगळा माणूस कात्रीत गेला, राहिला हात. तेव्हा टी-शर्टच्या विक्रीत त्याला वाटा द्यायचा तो पाव फोटोचा मालक म्हणून, की अख्ख्या हाताचा मालक म्हणून? हाताचा म्हणून दिला तर खांदेमालक उद्या म्हणणार, माझ्या खांद्याशिवाय तुझा हात टेकला असता का कुठे? त्यावर बेसवाल्याने म्हणावं, बारा वर्षं सलग एकाच जागी हात आहे, वहिवाट माझी, मी कूळ आहे. मग तलाठ्याला बोलवा. खांद्याचा सातबारा काढा, ‘इतर अधिकार’च्या रकान्यात हाताची नोंद आहे का पाहा. नसेल तर पंचनामा करा, चतुःसीमा लिहा: पूर्वेस पोस्टरची कड, पश्चिमेस मान, उत्तरेस दाढी, दक्षिणेस खिसा आणि त्यात फ्रंटमनचा स्वतःचा हात, जो गेल्या बारा वर्षांत पाकीट काढायला बाहेर आल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

असो. हात पोस्टरवर राहिला ते नजरचुकीने. मंचावर जे राहिलंय ते नजरचुकीने नाही.

सोलो कार्यक्रमात बेसवाला नाही, बेस मात्र आहे. जुन्या रेकॉर्डिंगमधून त्याचा ट्रॅक वेगळा काढलाय आणि तो लॅपटॉपवरून वाजतो. भाड्याने आणलेला ड्रमर कानातल्या क्लिकवर त्याच्याशी जुळवून घेतो. फोटोत माणूस कापून हात ठेवला, गाण्यात माणूस कापून बोटं ठेवली. लॅपटॉप जेवण मागत नाही, ‘मला पुढच्या गिगचं आधी सांगत जा’ म्हणत नाही. श्रोत्यांना फरक कळतो का? बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या टिचभर स्पीकरला तो सूर काढताच येत नाही, आणि आपण सगळं संगीत आता मोबाइलवरच ऐकतो. जे गाणं ऐकून आजही पोरं उड्या मारतात, त्याची बेसलाइन जॅमपॅडची (म्हणजे सरावाच्या खोलीची) लाइट गेलेली असताना बेसवाल्याने अंधारात, अँपशिवाय, नुसती बोटं चालवत बसून काढली होती. अँप बंद, त्यामुळे बाकीचे तिघे कान लावून ऐकत होते. बँडच्या इतिहासातली ती बहुधा एकमेव वेळ. गाण्याखाली ‘शब्द आणि संगीत’ म्हणून नाव फ्रंटमनचं. नव्या आवृत्तीत सुरुवातीचा बेसचा तुकडाही उडवलाय. स्ट्रीमिंगवर निदान ३० सेकंद ऐकलं तरच गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजतात. तेवढ्यात श्रोता पळून जाऊ नये म्हणून फ्रंटमन आता चौथ्या सेकंदालाच किंचाळतो.

तो व्रण कसला ते सांगतो. बेसचा स्पीकर म्हणजे तीस-चाळीस किलोचा लाकडी खोका. बाणेरच्या एका पबची गच्ची चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट फक्त ग्राहकांसाठी. जिन्याच्या वळणावर खोका आणि लोखंडी कठडा यांच्या मधोमध हात सापडला. रुमाल बांधून पोरगा तीन तास वाजवत होता, आणि समोरच्या टेबलावरून चिठ्ठी येत होती, ‘काहीतरी ओळखीचं लावा.’ त्या रात्री फ्रंटमन थेट गच्चीवर अवतरला होता. घसा जपायचा म्हणून तो ओझं उचलत नसे. उचलत नसे! चाळीस किलो आणि घसा यांचा संबंध कुठल्या वैद्याने लावला, त्याचं नाव मला हवंय. पैसे किती मिळाले, हे विचारू नका. ‘एक्सपोजर’ मिळालं. जॅमपॅडवाल्याने तासाचं भाडं एक्सपोजरमध्ये घेतलं नाही, ओम्नीत पेट्रोल एक्सपोजरचं भरता आलं नाही. आणि हाच गृहस्थ आता मुलाखतीत डोळे ओले करून संघर्षाच्या दिवसांबद्दल बोलतो. संघर्ष झाला हे खरं आहे. तो जिन्यात झाला, आणि हा लिफ्टमध्ये होता.

रॉकवाल्यांनाच कशाला बोला? आपण तरी काय मोठे? ‘अमुक तमुक आणि सहकारी’ ही पाटी आपल्या नाट्यगृहांवर गेली कित्येक वर्षं लागते आहे आणि ते सहकारी कोण हे कुणालाही ठाऊक नाही. निवेदक त्यांची नावं घेतो ती नेमकी मध्यंतराच्या तोंडावर. ‘तबल्याला साथ करताहेत’ हे शब्द ऐकू येताच अर्धं प्रेक्षागृह उठतं, कारण बटाटेवड्याची रांग वाढत असते. शेवटी घेतली तर उरलेलं अर्धं उठतं, गाडी आधी काढायला. मैफल संपल्यावर वड्याची चव सगळ्यांना आठवते आणि पेटीवाल्याचं नाव विचारलं की ‘ते उंचसे होते ना, ते’. कार्यक्रम उघड्यावर असेल तर तेही नशिबात नाही. सातचा कार्यक्रम धूर सोडून साडेआठला सुरू करायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो. पोलीस कडेला येऊन घड्याळ बघायला लागले की कापायचं काय? गाणं कापता येत नाही, प्रायोजकाचा सत्कार तर नाहीच नाही. मग साथीदारांची ओळख कापतात. सोलोच्या पहिल्या कार्यक्रमात नऊ सेकंद उरले होते, तेव्हा फ्रंटमनने भाड्याच्या ड्रमरकडे हात करून जाहीर केलं, ‘ड्रम्सवर, माझा भाऊ!’ भावाचं नाव त्याला माहीत नव्हतं.

ताजी खबर अशी की दौऱ्याच्या दुसऱ्या टप्प्यासाठी नवीन पोस्टर येतंय. हात आता ब्रँड झालाय, तो खांद्यावर हवाच, पण जुना फोटो होर्डिंगवर फुटतो. म्हणून नव्याने फोटो काढायचं ठरलं आणि हातासाठी ऑडिशन ठेवली. बेसवाला हल्ली हिंजवडीत नोकरी करतो. कुणीतरी त्याला जाहिरात पाठवली आणि तो, गंमत म्हणून म्हणा किंवा कशासाठी म्हणा, हाफ डे टाकून गेला. काळा दोरा होता, व्रण होता. चिकटपट्टी नव्हती, कारण बेस वाजवून बराच काळ झालाय. कास्टिंगवाल्या पोरीने दोन मिनिटं हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘सर, छान आहे, पण आम्हाला जरा ओरिजिनलच्या जवळ जाणारा हवाय.’

निवड झाली ती एका मॉडेलची. मेकअपवाल्याने त्याच्या बोटांना पट्टी लावली, हाताच्या पाठीवर व्रण रंगवला. दिवसाचं मानधन त्याच दिवशी खात्यात, वर जेवण, आणि जाण्या-येण्याची कॅब.