पायजमा, सोफा आणि शवविच्छेदन

मराठी वर्तमानपत्रात मरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मोठा माणूस असेल तर त्याचं 'निधन' होतं, साध्या माणसाचा 'मृत्यू' होतो आणि ज्याचं काय करायचं हे कळत नाही तो 'मृतावस्थेत आढळतो'. कारणांचेही साचे तयार असतात. ऐंशी ओलांडली की 'वृद्धापकाळाने', घरच्यांना काही सांगायचं नसलं की 'अल्पशा आजाराने'. आणि शेवटी ते वाक्य: त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रात्रपाळीला आम्ही उपसंपादक हे वाक्य जांभई देता देता टाइप करायचो.

ऑक्टोबर २००९ मधल्या एका रविवारी ते अडलं. एजन्सीची बातमी होती: 'बॉयझोन' या आयरिश बँडचा गायक स्टीफन गेटली मायोर्का बेटावरच्या घरी अचानक गेला. वय ३३. मागे आई-वडील, भावंडं, आणि २००६ मध्ये ज्याच्याशी कायदेशीर नोंदणी करून संसार मांडला तो अँड्र्यू काउल्स.

"हा काउल्स कोण?" चीफ सबनी विचारलं.

"नवरा."

"कोणाचा?"

"यांचाच."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. बातमी तीच होती. "'निकटचा मित्र' कर," ते म्हणाले. मी करायला घेतलं तेवढ्यात म्हणाले, "आणि अवतरणात टाक."

अवतरणचिन्ह हा आमच्या धंद्यातला चिमटा. शब्द उचलायचा तर आहे, पण हाताला लागता कामा नये, अशा वेळी वापरतात.

पण आमचे चीफ सब म्हणजे अगदीच भिडस्त गृहस्थ. खरी प्रगती लंडनला झाली. तिकडे स्पेनमध्ये डॉक्टरांनी जुनाट पद्धतीनं, म्हणजे मृतदेह समोर ठेवून, तपासणी केली आणि निष्कर्ष काढला की फुप्फुसांत पाणी साठून नैसर्गिक मृत्यू झाला. हृदयात आधी लक्षात न आलेला दोष होता, असं घरच्यांनीही सांगितलं. या सगळ्याला डॉक्टर लागले, टेबल लागलं, प्रयोगशाळा लागली. 'डेली मेल'च्या स्तंभलेखिका जॅन मोयर यांना यातलं काहीच लागलं नाही. मायोर्कातल्या प्रेताचं शवविच्छेदन त्यांनी लंडनला खुर्चीत बसून केलं आणि १६ ऑक्टोबरला छापून मोकळ्या झाल्या: या मरणात नैसर्गिक काहीही नाही. धडधाकट तेहतिशीचा माणूस पायजमा घालून सोफ्यावर झोपतो आणि उठतच नाही, असं कुठे असतं का?

असतं. हृदयरोगतज्ज्ञाला विचारलं असतं तर त्यांनी फी न घेता सांगितलं असतं. पण डॉक्टरांना बिचाऱ्यांना हृदय तपासता येतं, 'जीवनशैली' तपासता येत नाही. हा शब्दही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहाटे पाचला उठून पर्वतीवर जाणाऱ्याला जीवनशैली नसते, त्याला सवय असते. जीवनशैली फक्त काही ठरावीक लोकांनाच होते आणि पुढे त्यातच ते दगावतात.

बाईंनी आणखी एक शोध लावला. त्याच सुमारास वारलेल्या दुसऱ्या एका समलिंगी पुरुषाचा मृत्यू शेजारी ठेवला, दोन्हींची बेरीज केली आणि पुरुषा-पुरुषांचे संसार सुखाचे असतात हा भ्रम असल्याचं जाहीर केलं. ही पद्धत मला फार आवडली. सदाशिव पेठेत एखादे काका लग्नाच्या वाढदिवशी श्रीखंड-पुरी खाऊन दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत, की आपणही अग्रलेख लिहावा: 'विवाहसंस्था पुन्हा संशयाच्या भोवऱ्यात'. काकू शेजारच्याच खोलीत होत्या, हेही सूचकपणे घालावं.

'नैसर्गिक' या शब्दाची मालकी नेमकी कोणाकडे, हा प्रश्न तसा इंग्रजांनीच आपल्याला घालून दिलेला. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ टाकून कोणाचं प्रेम निसर्गक्रमाच्या विरुद्ध, ते त्यांनी ठरवून दिलं. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं संमतीच्या संबंधांपुरती त्या कलमाची नांगी मोडली. (सर्वोच्च न्यायालयानं ती २०१३ मध्ये परत बसवली आणि २०१८ मध्ये पुन्हा काढली. नांगीच ती.) म्हणजे इकडे एका न्यायालयानं असं जगणं नैसर्गिक ठरवायला घेतलं आणि साडेतीन महिन्यांत तिकडे मरण अनैसर्गिक ठरलं. निसर्गाचा साठा मर्यादित असावा.

दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, डब्लिनला अंत्यसंस्कार होते. आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं. तक्रारींचा असा पाऊस पडला की प्रेस कंप्लेंट्स कमिशनची वेबसाइट बसली. एकूण २५,००० च्या आसपास तक्रारी गेल्या. मार्क्स अँड स्पेन्सरनं त्या पानावरची आपली जाहिरात काढायला लावली. संपादकांच्या जे लक्षात आलं नाही ते बनियन विकणाऱ्यांच्या लक्षात आलं. आठवड्यानं बाईंनीही दिलगिरी व्यक्त केली, ती वेळेबद्दल. अंत्यसंस्काराच्या इतक्या जवळ छापायला नको होतं, म्हणाल्या. थोडक्यात काय, तेराव्यानंतर चाललं असतं.

खुद्द काउल्सनं तक्रार केली. फेब्रुवारी २०१० मध्ये आयोगानं निकाल दिला: लेखाचा सूर आम्हालाही खटकला, पण नियमभंग नाही. लैंगिकतेवरून हिणवणारा असा शब्द लेखात सापडला नाही. याचा अर्थ आयोगावर एकही सून नव्हती. आपल्याकडची कुठलीही सासूबाई जन्मात एक शिवी न देता घरातल्या तीन सुनांना रडवू शकते, आणि ते कशानं हे शेंबडं पोरही सांगेल. टोमण्याला कलम नसतं. ज्या नियमावलीवर बोट ठेवून हा निकाल लागला ती लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेव्हा 'मेल'चेच संपादक पॉल डेकर होते. समिती वेगळी, आयोग वेगळा, त्यामुळे यात गैर काही नाही. गैर वाटलंच तर तक्रार कुठे करायची तेही ठाऊक होतंच.

आमच्या पेपरात ती बातमी कशी आली ते राहिलंच. दिवाळीच्या जाहिरातींचे दिवस, त्यात एका पैठणीवाल्याचा पदर वाढला आणि बातमी चार ओळींनी कापावी लागली. बातमी नेहमी खालून कापतात. 'त्यांच्या पश्चात आई-वडील' इथे ती संपली. 'निकटचा मित्र' चिमट्यासकट गेला. "बघ, वाद मिटला," चीफ सब म्हणाले.

लंडनला आयोग निकाल लिहीत होता त्याच फेब्रुवारीत अलीगढला काही लोक कॅमेरा घेऊन एका मराठीच्या प्राध्यापकाच्या झोपायच्या खोलीत घुसले. वय ६४. विद्यापीठानं निलंबित केलं, प्राध्यापकांना. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबन स्थगित केलं आणि ७ तारखेला ते भाड्याच्या घरात गेलेले सापडले. ती बातमीही माझ्याच टेबलावर आली. मी मथळा दिला: 'मराठीचे कवी-प्राध्यापक श्रीनिवास सिरस यांचे निधन'.

चीफ सबनी वाचला. "निधन?" म्हणाले, आणि तांबड्या पेनानं सगळ्या ओळीवर काट मारून वर लिहिलं: 'त्या' प्राध्यापकाचा मृत्यू.

"नाव तरी राहू द्या," मी म्हटलं.

"नाव कोणाला माहितेय?" ते म्हणाले. "'त्या' म्हटलं की बरोबर कळतं."