चिडचिडीची शास्त्रोक्त जोपासना

कारणाशी कोणतेही प्रमाण न राखणारा आणि शक्यतो घरच्याच माणसांवर निघणारा संताप, अशी चिडचिडीची व्याख्या केली, तर ती टिकवण्याचे सर्वांत स्वस्त साधन स्वयंपाकघरात सापडते. मात्र साडेसाती, साहेब आणि सासर यांनाच तिचे श्रेय देण्याची रूढी असल्याने या साधनाचा अभ्यास मागे पडला आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटाच खर्च करतो, आणि घरातल्या अशा खादाड सभासदाचे पान वेळेवर वाढले नाही की तो कुरकुरणारच, एवढ्या साध्या तत्त्वावर प्रस्तुत पद्धती उभी आहे.

साधकाने, म्हणजे दिवसभर कपाळावर आठी टिकवू इच्छिणाऱ्या व्यक्तीने, दिवसाचा आरंभ रिकाम्या पोटी चहाने करावा. थकव्याची जाणीव देणारे अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत जिथे चिकटते ती जागा चहातले कॅफिन अडवून बसते, त्यामुळे थकवा जात नाही, केवळ त्याची वर्दी पोचत नाही. नाश्ता ‘वेळ नाही’ या सबबीवर टाळून अकराच्या सुमारास दुसरा चहा आणि त्यासोबत क्रीमची बिस्किटे घ्यावीत. मैदा आणि साखर झपाट्याने रक्तात उतरतात, त्यांना आवरण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन हे संप्रेरक सोडते, आणि काही जणांच्या बाबतीत दोन-तीन तासांनी रक्तातली साखर आधीच्या पातळीच्याही खाली घसरते. ती सावरण्यासाठी जे अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते त्याने हात थरथरतात, छाती धडधडते आणि घाम फुटतो. ही सर्व लक्षणे रागाचीच असल्यामुळे आता फक्त रागाचे कारण शोधायचे उरते, आणि ते बहुधा शेजारच्या टेबलावर बसलेले असते.

चहातील टॅनिन हे तुरट द्रव्य अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करते, म्हणून जेवण आटोपताच हात वाळण्यापूर्वी कप हाती यावा. उलट लिंबातले क जीवनसत्त्व लोहाला मदत करते, यास्तव पोह्यांवरची लिंबाची फोड कटाक्षाने बाजूला काढावी. लोहाच्या कमतरतेने येणारी मरगळ ‘हल्ली कशात मन लागत नाही’ या भारदस्त शब्दांत सांगता येते, हा आणखी एक लाभ.

उपवासाचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग आहे. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळपास निव्वळ स्टार्च, आणि त्यामुळे साधकाला अनुकूल. परंतु खिचडीत दाण्याचे कूट सढळ हाताने पडले तर त्यातली प्रथिने आणि स्निग्धांश पोट सावकाश रिकामे होऊ देतात आणि सगळी साधना वाया जाते. (मराठी सुगरणींनी हा घात पिढ्यान्पिढ्या केला आहे.) खऱ्या उपासमारीचे सामर्थ्य १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात दिसले होते. तिथे अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्याच संमतीने, सुमारे सहा महिने अपुऱ्या अन्नावर ठेवले, तेव्हा ते खिन्न आणि चिडखोर झाले, माणसांत मिसळेनासे झाले, आणि काही जण चक्क पाककृतींची पुस्तके जमवू लागले. एकादशीच्या दुपारी मोबाइलवर मिसळीच्या कृती पाहणारा साधक याच परंपरेतला म्हणायचा, फक्त त्याने सकाळी दोन बशा खिचडी रिचवलेली असते.

दीर्घकालीन गुंतवणुकीसाठी ब-१२ जीवनसत्त्व उत्तम. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच, त्यामुळे शाकाहारी साधकाने दूध-दही चहातल्या दोन चमच्यांपुरते ठेवले की काम होते. यकृतातला साठा संपायला काही वर्षे लागत असल्याने धीर धरावा लागतो, पण नंतर विसराळूपणा, हातापायांना मुंग्या आणि उदासी अशी फळे एकत्र मिळतात. एका साध्या रक्तचाचणीत हे सारे उघडकीस येते, म्हणून ती ‘वयोमानानुसार’ या शब्दाने टाळावी.

या पद्धतीला धोका आहे तो संशोधकांकडून. फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १२ आठवडे आहाराचे मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ३२ टक्के, तर केवळ गप्पांची सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. चाचणी लहान होती, आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, आणि बहुतेकांचे उपचारही चालू होते, तेव्हा भाजीने गोळी बंद करता येते असा अर्थ काढणारा साधक नव्हे, उतावळा होय. आठवडेच्या आठवडे न हटणारी उदासी हा या मार्गदर्शिकेचा विषयच नाही. तिचे श्रेय लाटण्याचा अधिकार स्वयंपाकघराला नसून तिच्यासाठी डॉक्टरच गाठावा लागतो. पण त्या चाचणीतल्या आहाराला, म्हणजे अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि मासे यांना, आपल्याकडे भाकरी, मटकीची उसळ, मेथी आणि बांगडा असे घरगुती पर्याय असल्यामुळे सावध राहिलेले बरे.

सर्वांत मोठे संकट मात्र दुपारी एक वाजता वरणभाताच्या ताटाच्या रूपाने समोर येते. अशा वेळी ‘नंतर जेवतो’ असे म्हणून ते परतवावे, तिसरा चहा मागवावा, आणि तीनच्या सुमारास पानावर बसून आमटीत मीठ कमी असल्याचे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे.