आळणी निकाल

4 जून 2024 रोजी सकाळी दहाच्या सुमारास अण्णांचं बीपी 170 वर 100 निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "लोणचं-पापड फार झालं का?" आई म्हणाली, "खाण्यात काही नाही हो. सकाळपासून टीव्ही लावलाय."

तो लोकसभेच्या निकालाचा दिवस. तीनच दिवस आधी एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवलं होतं. गाडी थांबली 293 वर. अंदाज सांगणाऱ्या एका गृहस्थांना तर चालू कार्यक्रमात रडू कोसळलं. अण्णांचं तसं काही नव्हतं. ते कुठल्या पक्षाचे, हे आईलाही आजवर कळलेलं नाही. ते गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांना त्रास होतो तो आकड्यांच्या बेशिस्तीचा. "आठला पोस्टल मतं मोजायला घेतात, साडेआठला यंत्रं. मग आठ बाराला 60 जागांचा कल आला कुठून?" असं ते पडद्याला दरडावून विचारत होते. पडद्याने उत्तरादाखल एक तुतारी वाजवली आणि कल 74 वर नेला.

डॉक्टरांनी लिहून दिलं: मीठ कमी, निकालाच्या दिवशी टीव्ही बंद.

मीठ कमी करणं सोपं गेलं. पण नोव्हेंबरात विधानसभा आली. 20 तारखेला मतदान, 23 ला निकाल. अण्णा म्हणाले, "मत द्यायचं आणि निकाल बघायचा नाही? पेपर लिहून घ्यायचा आणि तपासायचा नाही, असं मी नोकरीत कधी केलं नाही." तेव्हा अण्णांना सोसेल असा आळणी निकाल शोधून आणायची जबाबदारी माझ्यावर आली. ज्या राज्यात शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन आणि बंडखोर मोजण्यापलीकडे, तिथे!

पहिला प्रयोग टीव्हीचा आवाज बंद करून केला. पण आवाज बंद केल्याने तिखट कमी होत नाही, फक्त ठसका दिसतो. चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी तोंडं हलवत होती आणि खालून लाल पट्टी धावत होती: 'मराठवाड्यात आघाडी पिछाडीवर'. अण्णा क्षणभर थांबले. "वाक्य तरी तपासून घ्यावं," म्हणाले आणि मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजू लागले. मी घाईघाईने टीव्ही बंद केला.

मग सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. इथे बातमी 'आतली' असते. एका काकांच्या साडूचा भाचा मतमोजणी केंद्राबाहेर पार्किंगला होता, त्याच्या हवाल्याने आमच्या मतदारसंघातला एकच उमेदवार साडेनऊपर्यंत तीनदा जिंकला आणि दोनदा पडला. तिसऱ्या विजयानंतर कुणीतरी पेढे मागवले. ते आले तेव्हा तो पुन्हा पडलेला होता. (पेढे मात्र सर्वपक्षीय ठरले.)

शुद्ध म्हणावी अशी एक जागा मला पहाटेच सापडली होती, आकाशवाणी पुण्याच्या सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या बातम्या. निवेदकाचा स्वर असा की उद्या प्रलय आला तरी तो 'आज प्रलय आला' एवढंच सांगून हवामानाकडे वळेल. अण्णांचा चेहरा उजळला. अडचण इतकीच की त्या वेळी मतमोजणी सुरूच झालेली नसते.

शेवटी सूनबाईने लॅपटॉप आणला आणि निवडणूक आयोगाचं निकालांचं संकेतस्थळ उघडून दिलं. त्यावर तुतारी नाही, वाद नाही, कुणी कुणाला 'एक मिनिट, एक मिनिट' म्हणत नाही. मतदारसंघ, उमेदवार, मतं, फरक, फेरी 24 पैकी 6. बघताना जांभई येते. अण्णांना इतकं आवडलेलं मी गेल्या दहा वर्षांत काही पाहिलं नव्हतं. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि मला समोर बसवून शिकवणी सुरू केली.

"हे मागे का असतं, ठाऊक आहे? तुमचा तो टीव्ही 90 जागा सांगतो तेव्हा हे 12 सांगतं. कारण इथे फेरी संपल्याशिवाय आकडा चढत नाही. साधारण 14 टेबलं, एका फेरीत 14 यंत्रं. 350 मतदान केंद्रं असली की झाल्या 25 फेऱ्या. प्रत्येक यंत्राचा एकूण आकडा आधी केंद्राध्यक्षाच्या 17-सी नमुन्याशी जुळवायचा. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी मान लांब करून उतरवून घेत असतात, त्यांच्यादेखत. मग सह्या. शेवटी पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजायच्या. याला वेळ लागणारच. वेळ लागला नाही तर मी शंका घेईन."

अण्णांनी स्वतः मतपत्रिका मोजल्यात. त्या काळी गठ्ठे बांधून रात्रभर मोजणी चालायची आणि सकाळी बोटांवरची शाई कुणाच्या विजयाची ते कळायचं नाही. आणि 1989 साली दूरदर्शनवर निकालांच्या मध्ये हिंदी चित्रपट दाखवत, याची त्यांना अजून हळहळ आहे. "काय व्यवस्था होती! रडारड, मारामारी, दुरावलेले भाऊ सगळं सिनेमात. निकालात फक्त निकाल. आता दोन्ही एकाच खात्यात जमा करतात."

मी म्हटलं, "पण अण्णा, थोडं आधी कळलं तर बिघडलं कुठे?"

अण्णांनी वहीचं मागचं पान उघडलं. जूनमध्ये टीव्ही बंद केल्यावर त्यांनी गुपचूप तिथे वायव्य मुंबई उतरवून ठेवली होती. यंत्रांतल्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे. पोस्टल मतं धरल्यावर रवींद्र वायकर 4,52,644, कीर्तिकर 4,52,596. फरक 48. "नऊ लाख मतांत 48. आता सांग, गुलाल किती वाजता उधळायचा?"

मी गप्प बसलो. माझ्या फोनवर सकाळपासून आलेल्या सूचना मी मोजल्या होत्या, 211. त्यातल्या निम्म्या आदल्या निम्म्यांना खोडणाऱ्या होत्या.

दुपारी बाराच्या सुमारास राज्याचा कौल स्पष्ट होत गेला. बहुमताला 145 लागतात आणि एकटा भाजपच 132 वर गेला. सोसायटीच्या फाटकाशी फटाके वाजले. अण्णांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा जीव अडकला होता साकोली आणि मालेगाव मध्यमध्ये. तिथे आकडा हळूहळू सरकत होता आणि ते प्रत्येक फेरीला वजाबाकी करत होते. साकोलीत नाना पटोले 208 मतांनी आले. मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल 162 मतांनी. अण्णांनी दोन्हींखाली लाल पेनने दुहेरी रेघ मारली. हा मान पूर्वी पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलांना मिळत असे.

रविवारी सकाळी पेपर आला. अण्णांनी 288 मतदारसंघांचा तक्ता समोर ठेवून वहीतल्या प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण केली. तासभर लागला. एकही फुली आली नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. बीपी 128 वर 82. डॉक्टरांनी पट्टा सोडवून पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. म्हणाले, "निकालाच्या आठवड्यात? गोळी बदलली का?"

"नाही," अण्णा म्हणाले, "रिझल्ट्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन. दर फेरीनंतर एकदा, ताकाबरोबर."

डॉक्टर शनिवारी दिवसभर टीव्हीसमोर होते. त्यांनी पॅडवर पत्ता लिहिला, कागद फाडला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.