कडी लावून केलेली प्रार्थना

नगरच्या आमच्या मामांचा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या सहाव्या वचनावर फार जीव. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याशी बोल, असं तिथं येशू सांगतो. मामा रोज पहाटे पाचला खोलीत जात, दार लावत, वर कडीही घालत. दारावरचा झरोका मात्र सताड उघडा. झरोक्याबद्दल मत्तयात काही नाही.

त्यातून मामांची एकांतातली प्रार्थना सगळ्या कंपाउंडला ऐकू येई. सुरुवात "हे सर्वसमर्था, दयाघना, कृपासागरा" अशी. पंडिता रमाबाईंनी केडगावला खपून बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं, ते त्यांच्यामागं 1924 साली छापून निघालं. मामांच्या खोलीपर्यंत ते अजून पोचायचं होतं. एरवी "ए, टॉवेल कुठाय?" म्हणणारा माणूस डोळे मिटले की थेट "तुझ्या चरणकमली नतमस्तक होऊन"वर जायचा. पुढे आजाऱ्यांची यादी. देवाची चुकामूक होऊ नये म्हणून वॉर्ड, मजला आणि खाटेचा नंबर. मग घरचे. "प्रभो, या घरात काही जीव आठ-आठ वाजेपर्यंत लोळतात, त्यांना जागृत कर." जीव एकच होता, आणि तो पांघरुणात जागाच होता. "भाजीत मीठ घालणाऱ्या हातांना विवेक दे." त्या हातांनी त्या दिवशी मीठच घातलं नाही. मामांच्या प्रार्थनांना घरातून उत्तर ताबडतोब मिळे.

प्रार्थनेत पाल्हाळ लावू नका, हे लगेच पुढच्या, सातव्या वचनात आहे. मामांच्या लाल पेन्सिलीची रेघ सहाव्यापाशीच थांबलेली.

मामींना प्रार्थना करताना मी एकदाच पाहिलं. गॅसवर दूध, हातात सांडशी, डोळे मिटलेले. ओठसुद्धा हलत नव्हते. साय फुगून काठाशी आली आणि त्यांनी डोळे न उघडता गॅस बंद केला.

"तुझी प्रार्थना झाली का?" मामांनी बाहेरून विचारलं.

"झाली की."

"केव्हा?"

"दूध वर येईपर्यंत."

मामांना ते मुळीच पटलं नाही. तेवढ्या वेळात त्यांची नुसती विशेषणंही उरकत नसत.

मग मामांचा घसा गेला. दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी पाचला कडी वाजली आणि पुढे काहीच नाही. त्या शांततेनं अख्खं घर जागं झालं. शेजारचे काका मामांच्या 'आमेन'वर उठून पुण्याची एसटी गाठत, ती चुकली. थोड्या वेळानं झरोक्यात एक पाटी वर आली. "आठ वाजेपर्यंत लोळणाऱ्यांना" एवढं मी वाचतोय तोवर खाली गेली, पुसून पुन्हा वर आली. मामा बाहेर पडले तेव्हा कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

चौथ्या दिवशी खडू संपला. मामींना आणायला सवड होईना. त्या पहाटे मामा खोलीत पुष्कळ वेळ होते. बाहेर आले ते डोळे लाल करून. मामींनी काही न विचारता चहा पुढे केला. बशीत ओतून तो त्यांनी सावकाश प्यायला, आणि खडूबद्दल खूण केली नाही.

अकराव्या दिवशी आवाज परत आला. पाचला कडी वाजली. "हे सर्व..." एवढं ऐकू आलं, आणि मग बराच वेळ काही नाही.

काकांची एसटी पुन्हा चुकली.